गोण्या ओढ्यात नकोत

वर्गमित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

मागच्या शनिवारी बालसभेत ठरले की, २६ जानेवारीच्या श्रमदानात शेंगांच्या टरफलांच्या गोण्या भरून ओढ्याच्या तोंडाशी बांधायच्या. म्हणजे रंगीत पाणी पंचगंगेत जायच्या आधी स्वच्छ होईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण आता माझे मत बदलले आहे.

ओढा कधी तांबडा, कधी निळा वाहतो हे आपण बघतोच. तो रंग कुठल्या कारखान्यातला ते मला ठाऊक नाही, म्हणून नाव घेत नाही. सुती कापड रंगवताना सगळा रंग धाग्याला धरत नाही. उरलेला पाण्याबरोबर जातो. मग पाण्यात ऊन आत पोचत नाही आणि पाण्यातल्या वनस्पतींना अन्न करता येत नाही.

टाळ्या वाजल्या त्या गुरुजींच्या प्रयोगामुळे. लोकमान्यांनी टरफले उचलली नव्हती, आम्ही मात्र वर्गभर फिरून उचलली! ती धुऊन, वाळवून, खलबत्त्यात कुटली. (धुतली नाहीत तर टरफलांचाच तपकिरी रंग पाण्यात उतरतो. पहिल्या खेपेला आमची तशीच फजिती झाली.) गुरांच्या जखमेवर लावायच्या जांभळ्या औषधाचे दोन थेंब बाटलीभर पाण्यात टाकले, त्यात तो भुसा घालून हलवले. मोठ्या सुट्टीपासून शाळा सुटेपर्यंत वरचे पाणी जवळजवळ नितळ झाले. जादूच वाटली.

पण ओढ्यात जांभळे औषध वाहत नाही ना! म्हणून मी मामाला सांगितले. तो कापड रंगवण्याच्या कामावर आहे. त्याने वापरून झालेले लाल पाणी बाटलीतून आणून दिले. त्यात भुसा घातला, रात्रभर ठेवला. सकाळी बघते तर पाणी लालच! मामा म्हणाला, "अगं, रंग बसावा म्हणून त्यात मीठ आणि सोडा घालतात." गुरुजींनी दोन लिंबे पिळायला लावली. फसफसून फेस आला. मग भुशाने थोडा रंग धरला, पण सगळा नाही.

कारण गुरुजींनी समजावले. टरफलाच्या कणांवर पाण्यात ऋण प्रभार असतो. जांभळ्या रंगाचा प्रभार धन, म्हणून तो ओढला जातो. मामाच्या लाल रंगाचा प्रभार ऋणच, तो दूर ढकलला जातो. पाणी आंबट केले की टरफलाचा ऋण प्रभार कमी होतो. आता ओढ्यात रोज किती लिंबे पिळणार?

आणखी एक गोष्ट झाली. जांभळा झालेला भुसा मी लिंबाच्या पाण्यात टाकून पाहिला, तर जांभळी झाक परत पाण्यात आली. म्हणजे रंग नाहीसा झाला नव्हता, नुसता लपला होता. गोण्या फुटल्या, पुरात वाहिल्या, तर तो रंग कुठे जाईल? आजीने तर ऐकल्याबरोबर विचारले, "आणि शेरडं खातील की गं ती टरफलं! मग?" याचे उत्तर बालसभेत कुणीच दिले नव्हते.

टरफले, उसाची चिपाडे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. नारळाच्या करवंटीचा खास कोळसा करून पाणी गाळायला वापरतात. त्याच्या एका ग्रॅममध्ये बारीक छिद्रांचा पृष्ठभाग पाचशे चौरस मीटरहून जास्त भरतो. पण हे काम कारखान्याच्या टाकीत व्हावे. कुठला रंग, किती सोडा हे तिथे माहीत असते, आणि रंगलेला भुसा कुठे न्यायचा ही जबाबदारीही त्यांचीच राहते. तमिळनाडूत तिरुप्पूरच्या रंगकामाने नोय्यल नदी बिघडली, तेव्हा २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने रंगीत पाणी बाहेर सोडणे थांबेपर्यंत ते कारखाने बंद करायला लावले. नदीकाठच्या पोरांना गोण्या बांधायला नाही सांगितले.

श्रमदान करूच. त्या दिवशी ओढ्याच्या पाण्याचा रोजचा रंग लिहून ठेवायची वही सुरू करावी आणि महिन्याने ती ग्रामसभेत द्यावी, असे मला वाटते. येत्या शनिवारी पुन्हा हात वर करायचे आहेत. दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या आहेत. पालकांनी जरूर पाहाव्यात, फक्त बूच काढू नये.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी