क्रीडारसिकाची जागा

मराठीत 'बघ्या' या शब्दाला तुच्छतेची छटा आहे, तर 'रसिक' या शब्दाला प्रतिष्ठा आहे. खेळ पाहणाऱ्यालाही ती प्रतिष्ठा आपल्या भाषेने दिली आहे. क्रीडारसिक, कुस्तीशौकीन हे शब्द वृत्तपत्रांनी केव्हाच रूढ केले. या शब्दांच्या अर्थात दिव्यांग माणसाला जागा आहे काय, एवढाच प्रश्न आम्हांला येथे उपस्थित करावयाचा आहे.

तो नांदेड-लातूरच्या संदर्भात विचारण्यास कारण आहे. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव या गोळाफेकपटूने टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिम्पिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२४ साली पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिल यांच्यासमवेत राष्ट्रध्वज त्यांच्या हाती होता. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे देशाला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले होते. त्यांना पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले. त्या मानाने आजचा काळ अधिक जागरूक आहे. दिव्यांग खेळाडूचा सत्कार करण्यास आपण शिकलो आहोत. परंतु ज्याला कोणतेही पदक जिंकायचे नाही, केवळ चार घटका खेळ पाहून आनंद घ्यायचा आहे, त्या दिव्यांग माणसाचे काय?

लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील अथवा नांदेड जिल्ह्यातील माळेगाव यात्रेतील कुस्त्यांचा फड डोळ्यांसमोर आणावा. मध्ये लाल मातीचा आखाडा, भोवती मांडी घालून बसलेली माणसे, त्यांच्यामागे उभा जमाव. हलगी कडाडते, कुस्ती अटीतटीची होते आणि बसलेलेही उठून उभे राहतात. चाकाच्या खुर्चीवरील शौकिनाची कुस्ती नेमकी त्याच क्षणी संपते. त्याला कोणी अडवलेले नसते, त्याच्याशी कोणी वाईट वागलेले नसते. तरीही कोण चितपट झाला हे त्याने गर्दीच्या आरोळीवरून ओळखायचे. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्या जिल्ह्यात कुस्तीचे वेड घरोघरी पोचले आहे, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपाने कित्येकांना कायमचे अपंगत्व दिले, तोही हाच जिल्हा. तेथे हा प्रश्न परका नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. प्रवेशद्वाराशी उतार बांधला म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही. खुर्चीची जागा इतकी उंच असावी की पुढचे प्रेक्षक उभे राहिले तरी मैदान दिसेल. शेजारी सोबत्याला बसता यावे. दिव्यांगांना एका कोपऱ्यात एकत्र बसवून त्यांच्या आप्तांपासून तोडणे ही सोय नव्हे. स्वच्छतागृहापर्यंत पायरी नसावी. जोड, इनाम आणि निकाल ध्वनिक्षेपकावरून जाहीर होतात, तेच फलकावर लिहिले तर कर्णबधिर प्रेक्षकालाही कळतील.

कायदा याबाबत मौन बाळगून नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २९ वे कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांतील समान सहभागाविषयी आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी त्या कायद्याने नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ साली झाले आणि मुदत २०२२ साली सरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगम्यतेचे निकष केवळ शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान निकष बंधनकारकच हवेत. सरकारी कागदावर 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला, पण शब्द बदलण्याइतके पायऱ्या बदलणे सोपे नसते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. मराठवाड्याचा अनुशेष एवढा मोठा, खेळाडूंनाच धड मैदाने नाहीत. तेथे प्रेक्षकांची चैन कोणाला परवडणार? आक्षेप प्रामाणिक आहे, पण खर्चाचे कारण अपुरे वाटते. इंग्लंडमधील प्रीमियर लीगच्या धनाढ्य क्लबांनी २०१५ साली आपली मैदाने दोन वर्षांत सुगम्य करण्याचे वचन दिले; त्यांतील काहींना तेही मुदतीत पाळता आले नाही. तेव्हा उणीव केवळ पैशाची नसते. आराखडा कागदावर असतानाच उंच चौथऱ्याचा विचार केला तर खर्च थोडा येतो. नंतर तोडफोड करावी लागली की तो वाढतो.

आजचा दिव्यांग प्रेक्षक उद्याचा पदकविजेता होईल, असाही युक्तिवाद कोणी करील. तो मोहक असला तरी आम्ही तो करणार नाही. धडधाकट माणसाला सामना पाहण्यासाठी अशी कोणतीही उपयुक्तता सिद्ध करावी लागत नाही. दिव्यांगाच्या आनंदाला मात्र आपण जिद्द, प्रेरणा, पराक्रम यांचे तारण मागतो. आपल्या कथा-कादंबऱ्यांतही तो बहुधा करुणेचा विषय होतो किंवा स्फूर्तीचा. आवडत्या संघाच्या पराभवाने जेवण टाकणारा रसिक म्हणून तो क्वचितच भेटतो.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे करण्याजोगे एक काम आहे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचे धावते वर्णन केले, तेव्हा अंध आणि डोळस श्रोते एकाच पातळीवर होते. दोघांनाही सामना शब्दांतूनच दिसत होता. दूरचित्रवाणी आली आणि समालोचक दिसणाऱ्या दृश्यावर नुसते शेरे मारू लागला. 'काय फटका होता!' या उद्गारातून अंध श्रोत्याला चेंडू कोठे गेला ते कळत नाही. कुस्तीच्या निवेदनात ढाक, घिस्सा, धोबीपछाड अशी डावांची नेमकी नावे आजही उच्चारली जातात. वर्णनाची ती परंपरा जिवंत आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील मराठी विभागांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांपासून आरंभ करावा. दोन विद्यार्थी, एक ध्वनिक्षेपक आणि डावाचे नाव अचूक घेणारी भाषा एवढे भांडवल पुरे आहे. वर्णन कसे झाले, हे मात्र परीक्षकांना न विचारता समोर बसलेल्या अंध श्रोत्यांना विचारावे.