नात्याचे तारण

पतसंस्थेच्या कर्जअर्जावर कर्जदाराच्या नावाखाली दोन रकाने मोकळे असतात. ते जामीनदारांचे. कर्जदाराचा धंदा चालेल काय, हप्ता कोठून येईल, याची चौकशी करण्यात संस्थेचा जेवढा वेळ जात नाही तेवढा या दोन रकान्यांत पगारदार माणसांच्या सह्या आहेत की नाहीत हे पाहण्यात जातो. भाचा टेंपो घेतो आणि सही मामा करतो. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असतो, नाही तर एसटीत वाहक. बहिणीने सांगितलेले असते, ‘नुसती सही तर करायची आहे.’ दोन वर्षे हप्ते येतात, मग थांबतात. टेंपो परस्पर विकला जातो, भाचा गाव सोडून कोठे तरी चाकरीला लागतो आणि एके दिवशी मामाच्या शाळेत वसुलीचे पत्र येऊन पडते. पुढच्या महिन्यापासून पगारातून कपात सुरू होते. त्या वर्षी भाऊबीजेला बहीण येत नाही. तिच्या मुलाचा हप्ता भाऊ भरीत असतो, हे तिला ठाऊक असते. ज्या घरातून हा पैसा जातो त्या घरच्या गृहिणीला सहीच्या वेळी कोणी विचारलेले नसते. वसुलीची झळ मात्र तिच्या डाळ-तांदळापासून सुरू होते.

अशी घरे प्रत्येक तालुक्यात आहेत. पक्षाच्या कार्यालयात रेशनकार्ड आणि सातबारा घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत जामीनदारही येऊन बसलेला असतो. त्याला देण्यासारखे उत्तर बहुतेकांपाशी नसते. ‘सही करायलाच नको होती’ एवढे म्हणून त्याची बोळवण होते. ऐकायला हे उत्तर शहाणपणाचे वाटते, पण ते मध्यमवर्गीय शहाणपण आहे. ज्याच्या घरात गहाण टाकण्यासारखे काही आहे, त्यालाच नात्याला नकार देणे परवडते. दहा-बारा माणसांच्या कुटुंबात एकाच्याच हाताला महिन्याचा पगार असतो, तेव्हा तो पगार ही सबंध भावकीची एकमेव पत असते. बिनजमिनीच्या, कुळाच्या किंवा कारागिराच्या मुलाला त्या पगाराच्या आधाराखेरीज कोणतीही संस्था दारात उभे करीत नाही. अशा ठिकाणी सही नाकारणे म्हणजे त्या मुलाचा उद्योगच नाकारणे होय. म्हणूनच मामा सही करतो, आणि त्यात त्याची मूर्खता शोधणे अन्यायाचे आहे.

प्रश्न असा की, ही पद्धत आली कोठून? तिचा उगम वाईट नव्हे. जर्मनीत रायफायझेनने खेड्यापाड्यांतील पतपेढ्या उभारल्या त्या परस्पर जबाबदारीच्या तत्त्वावर. तारण नसलेल्या शेतकऱ्याला शेजाऱ्यांची ग्वाही हेच तारण. १९०४ च्या कायद्याने हिंदुस्थानात सहकारी पतपुरवठा आला तोही याच तत्त्वाचा हात धरून. या कल्पनेत समाजवादाच्या जवळचे काही तरी होते, हे मान्य केलेच पाहिजे. मालमत्तेऐवजी माणसाला पत देणारी ती व्यवस्था होती. पण त्या मूळ व्यवस्थेत जो शेजारी जोखीम घेई, तोच सभेत बसून कर्ज द्यावे की न द्यावे हे ठरवी, आणि कर्जदार पैसा कोठे खर्च करतो हे त्याच्या डोळ्यांसमोर असे. जोखीम आणि अधिकार एकाच हाती होते.

आज त्यांची ताटातूट झाली आहे. कर्ज मंजूर करतो संचालक, आणि त्याचे पद सुरक्षित असते. वसुली झाली नाही तर शिक्षा होते ती मंजुरीच्या बैठकीला ज्याला कोणी बोलावले नव्हते अशा माणसाला. हप्ता थकल्याचेही त्याला वेळेवर कळवले जात नाही. कर्ज ‘नवे-जुने’ करून थकबाकी कागदावरून दडवली जाते, व्याज वाढत राहते आणि आकडा मूळ रकमेच्या दुप्पट झाला म्हणजे जामीनदाराची आठवण होते. परस्परसाहाय्य या नावाखाली चाललेला हा व्यवहार वस्तुतः जोखीम वरून खाली ढकलण्याचा आहे.

कायदा या ढकलाढकलीच्या बाजूने उभा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. धनकोने आधी कर्जदाराकडे जावे, त्याची मालमत्ता विकून पाहावी आणि मग जामीनदाराकडे वळावे, असे कोणतेही बंधन त्यात नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने तसा क्रम लावून दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली तो रद्द केला. धनकोला वाट पाहायला लावली तर हमीचा उपयोगच काय, असा त्या निर्णयाचा रोख होता. तर्क म्हणून तो बिनतोड असेल. त्याचा व्यवहारातला अर्थ मात्र असा की, वसुली अधिकारी सर्वांत सोप्या माणसाकडे जातो. कर्जदाराची जमीन वादात असते, वाहन सापडत नाही, दुकान बायकोच्या नावावर असते. शिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला ठरलेल्या जागी येतो. प्रामाणिक आणि सापडण्याजोगा असणे हाच येथे गुन्हा ठरतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने ही वाट आणखी गुळगुळीत केली. कलम ४९ खाली सभासदाने पगारातून कपातीचा करार लिहून दिला की मालकाला ती कपात करावी लागते. कलम १०१ खाली निबंधक वसुलीचा दाखला देतो आणि तो थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो. दिवाणी दाव्यात साक्षीपुरावा होतो, येथे हिशेबाचा उतारा पुष्कळदा पुरेसा ठरतो. कलम १५६ खाली जप्ती व लिलावाचे अधिकार आहेत. आणि एखाद्या जामीनदाराला या दाखल्याविरुद्ध दाद मागायची असेल, तर कलम १५४ चे एक उपकलम त्याच्या आड येते. येणे रकमेच्या निम्मे पैसे संस्थेत भरल्याशिवाय त्याचा पुनरीक्षण अर्ज दाखलच करून घेतला जात नाही. ज्याने एक पैसाही उचलला नाही, त्याने आपण हा पैसा देणे लागत नाही हे सांगण्यासाठी आधी अर्धा पैसा मोजावा, असा हा न्याय आहे.

दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाने पगार जप्त होतो तेव्हा दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पगाराच्या मोठ्या भागाला संरक्षण देते: पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही, आणि चोवीस महिन्यांपुढे तीच जप्ती चालू ठेवता येत नाही. स्वतःच्या संमतीपत्राने होणाऱ्या कपातीला न्यायालयाचा हुकूमच लागत नाही. त्यामुळे हे संरक्षण पतसंस्थेच्या जामीनदाराला जवळजवळ पाहायलाही मिळत नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. याच राज्यात सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना शासन स्वतः जामीनदार राहते. त्याला थकहमी असे भारदस्त नाव आहे. कारखाना बुडाला म्हणजे त्या हमीचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे काडेपेटीवर कर भरणाऱ्या माणसावर येतो. भाच्याच्या टेंपोचा जामीनदार शाळेतला मामा, आणि अध्यक्षाच्या कारखान्याची जामीनदार सबंध जनता! दोन्हीकडे ज्याने पैसा वापरला तो सोडून इतरांनी फेडायचे, एवढेच साम्य. फरक असा की, मामाला पत्र येते आणि अध्यक्षाला पुढच्या निवडणुकीचे तिकीट मिळते.

२०१७ आणि २०१९ सालच्या शेतकरी कर्जमाफीच्या योजनांचाही या जामीनदारांना उपयोग नव्हता. त्या योजना प्रामुख्याने पीककर्जाच्या. टेंपो, पिठाची गिरणी, लग्न, दवाखाना यांसाठी पगारदार नातेवाइकाच्या सहीवर घेतलेले कर्ज त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. दिवाळखोरीच्या नव्या संहितेचेही तसेच. २०१६ च्या त्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग २०१९ साली लागू झाला तो कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता. शिक्षक, वाहक किंवा परिचारिका त्यातून वगळली गेली.

म्हणून हमीच रद्द करा, अशी मागणी करावी काय? ती टाळ्या मिळवील, पण खोटी ठरेल. पतसंस्थेत ठेव असते ती निवृत्त कारकुनाची, विधवेची, हमालाची. कर्ज बुडाले की त्यांचाच पैसा बुडतो. ठेवी परत मिळाव्यात म्हणून संस्थांच्या बंद दारांसमोर बसलेल्या वृद्धांच्या रांगा महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. शिवाय प्रत्येक जामीनदार भोळा असतो असेही नव्हे. कर्जातला वाटा आधीच ठरवून सही करणारे असतात, आणि एकमेकांच्या कर्जांना जामीन राहून दोघांनीही हात वर करणारे सहकारीही असतात. हमी टाकून दिली तर तारण नसलेल्याची पतच संपेल आणि तो पुन्हा सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसेल.

त्या ओट्याचा इतिहास विसरण्याजोगा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद हिसकावून जाळले आणि दख्खनच्या उठावाची ठिणगी पडली. त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायालयाला एक मोठी गोष्ट सांगितली: केवळ कागद पाहून थांबू नका, कागदाच्या मागे जा, व्यवहार मुळापासून तपासा, मुद्दल किती आणि व्याज किती ते निराळे काढा. परक्या सरकारने सावकाराविरुद्ध जे तत्त्व मान्य केले, ते दीडशे वर्षांनी लोकांच्या म्हणवल्या जाणाऱ्या संस्थांविरुद्ध मागणे हे काही फार मागणे नव्हे. सहीच्या मागे जाऊन पाहिले पाहिजे. संस्थेने कर्जदाराची चौकशी केली होती काय? जामीनदाराला कराराची प्रत दिली होती काय? पहिला हप्ता चुकला तेव्हा त्याला कळवले काय? वाहन गहाण होते तर ते विकले गेले कसे?

या शेवटच्या प्रश्नाला कायद्यात आजही धार आहे, आणि कार्यकर्त्यांना ते ठाऊक असले पाहिजे. करार कायद्याचे कलम १४१ म्हणते की, धनकोने कर्जाचे तारण गमावले किंवा जामीनदाराच्या संमतीवाचून हातचे जाऊ दिले, तर त्या तारणाच्या किमतीएवढा जामीनदार मोकळा होतो. मध्य प्रदेशातील जंगलाच्या ठेक्याच्या एका खटल्यात, वनखात्याने पैसे न घेता माल उचलू दिला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराला जबाबदारीतून मुक्त केले होते. कलम १३३ म्हणते की, कर्जाच्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या तर त्यापुढच्या व्यवहारांना तो बांधील राहत नाही. सही न घेता ‘नवे-जुने’ करणाऱ्या कित्येक संस्थांना या एका कलमाने अडवता येईल. आणि पैसे भरावेच लागले तर कलम १४० व १४५ नुसार जामीनदार धनकोच्या जागी उभा राहतो, भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. भाच्यावर दावा लावायचा की नाही, हे मामाने ठरवावे. पण भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती स्वतःच्या नावाने मागून घेणे आणि कर्जदाराला लेखी कळवणे, एवढे तरी त्याने पहिल्याच महिन्यात करावे. नात्याची भीड म्हणून पावत्या न घेणारे जामीनदार पुढे हात चोळीत बसतात. लेखी हिशेबाने नाती तुटतात असा समज आहे. वास्तविक ती तुटतात ती कोणी किती भरले याचा दोन्ही घरांत निराळा आकडा सांगितला जातो म्हणून.

अडचण अशी की, छापील हमीपत्रात बारीक अक्षरांत जामीनदाराकडून याच हक्कांवर पाणी सोडून घेतलेले असते, आणि न्यायालये असा त्याग पुष्कळदा ग्राह्य धरतात. ही कलमे कराराने टाळता येऊ नयेत अशी दुरुस्ती विधिमंडळात मागितली पाहिजे. वैयक्तिक हमीपुरता कर्जदाराची मालमत्ता प्रथम, जामीनदार नंतर, हा क्रम अधिनियमातच यावा. निम्मी रक्कम भरण्याची अट निदान ज्याने कर्ज उचलले नाही त्याच्यापुरती तरी उठवावी. आणि कपात कितीही असली तरी घरी न्यायचा पगार एका मर्यादेखाली जाता कामा नये.

परंतु विधिमंडळाकडे बोट दाखवण्यापूर्वी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. कामगार संघटनांच्या, शिक्षकांच्या आणि पालिका कर्मचाऱ्यांच्या कित्येक पगारदार पतसंस्थांत पुरोगामी म्हणवणारेच संचालक आहेत. त्यांच्याही हमीपत्रांत तीच बारीक अक्षरे आहेत आणि त्यांच्याही वार्षिक अहवालांत शंभर टक्के वसुलीचा अभिमान आहे. त्या शंभर टक्क्यांतले कर्जदारांनी किती भरले आणि जामीनदारांच्या पगारातून किती कापले, हा निराळा आकडा छापला जात नाही. तो छापायला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. करारपत्राची मराठी प्रत जामीनदाराच्या हाती देणे, पहिला हप्ता चुकताच त्याला पंधरा दिवसांत पत्र पाठवणे, कर्जमंजुरीच्या वेळी त्याला समोर बसवून एकूण जोखमीचा आकडा सांगणे, त्याच्या घरच्या स्त्रीलाही तो कळेल अशी व्यवस्था करणे, यांतली बहुतेक कामे संचालक मंडळाच्या एका ठरावाने होतात. पोटनियम बदलावे लागले तर निबंधकाची मंजुरी घ्यावी लागेल, एवढेच.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्याव्या लागतात. ज्या ज्या संस्थेत पक्षाचे कार्यकर्ते सभासद आहेत, तेथे जामीनदारांकडून झालेल्या वसुलीचा आकडा मागणारी लेखी सूचना त्यांनी सभेच्या आधी मुदतीत द्यावी, आणि अहवाल वाचला जात असताना चहाची वाट न पाहता उभे राहून तो विचारावा.