धड्यातली सीताम्मा

1990 च्या दशकाच्या आरंभी आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात संपूर्ण साक्षरता मोहीम चालू होती. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या बाया रात्री वर्गाला बसत. त्यांच्या वाचनपुस्तकात सीताम्माची गोष्ट होती: ही बाई गावातल्या बायकांना एकत्र आणते आणि दारूचे दुकान बंद पाडते. दुबगुंटा गावातल्या बायकांनी धडा वाचला आणि 1992 मध्ये तसेच केले. लोण जिल्हाभर पसरले, बाया दारूच्या गुत्त्यांचे लिलाव होऊ देईनात. 1 ऑक्टोबर 1993 पासून सरकारला राज्यभर देशी दारू बंद करावी लागली. 1995 मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती 1997 मध्ये उठवली गेली, हे खरे. पण दारूचे वाचलेले पैसे रोज रुपया-रुपया बाजूला टाकून याच बायांनी उभे केलेले बचतगट त्यानंतरही टिकले.

हे अक्षरओळखीने घडले का? एकट्या अक्षरओळखीने नाही. नवऱ्याची मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर जाते आणि रात्री मार बसतो, हे प्रत्येकीला ठाऊक होते. पण जी ती आपल्या घरचे दुखणे समजून गप्प होती. वर्गामुळे बायांना रात्री एका जागी बसायला सबब मिळाली, जिला घरातला कोणी हरकत घेऊ शकेना. धड्यामुळे त्या दुखण्याला सगळ्यांसमोर नाव मिळाले. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले 26 वे कलम म्हणते की, शिक्षणाने हक्कांविषयीचा आदर बळकट व्हावा. दुबगुंट्यात तो कसा बळकट होतो हे दिसले.

आज केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी चालू आहे. त्याच्या उद्दिष्टांत कायदेविषयक साक्षरताही लिहिलेली आहे. परीक्षा मात्र वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची. आपल्या राज्यात पहिली परीक्षा 17 मार्च 2024 ला झाली, तेव्हा मराठवाड्यातली कितीतरी ऊसतोड जोडपी घरापासून दूर फडावर होती. ज्यांची वर्षाची कमाई मुकादमाच्या वहीत अडकलेली असते, ज्यांना वाचता येण्याची सर्वांत जास्त निकड आहे, त्यांच्या हंगामाचा विचार तारीख ठरवताना झाला नाही, याचे फार वाईट वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवस त्या माणसांच्या मालकीचा नव्हता. त्याच राज्यात ही चूक व्हावी!

नुसती सही शिकवून थांबणे तर घातकच. अंगठा उठवणारा ‘मला वाचून दाखवले नाही’ असे तरी म्हणू शकतो. सही करणाऱ्याचे ते कोण ऐकणार? म्हणून प्रौढांच्या पुस्तकात त्यांचेच कागद हवेत: सातबारा, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, मजुरीची पावती. ऊसतोडीची टोळी जिथे उतरते तिथे, कारखान्याच्या आवारात, वर्ग भरवावेत आणि परीक्षाही तिथेच घ्यावी. त्या प्रश्नपत्रिकेत मुकादमाच्या हिशेबाचा एक कागद द्यावा आणि विचारावे: उचल किती घेतली, किती फिटली, किती उरली?