ही छाटणी नव्हे, खांडोळी आहे!

एप्रिल उजाडला की राज्यातल्या महापालिकांना झाडांची आठवण होते. वर्षभर ज्या झाडाकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, ते एकाएकी ‘धोकादायक’ ठरते. पावसाच्या आत उरका, असा हुकूम सुटतो. निविदा निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते, आणि पायात रबरी चप्पल घातलेला एक माणूस चाळीस फुटांवर चढवला जातो. दरवर्षी ‘मान्सूनपूर्व छाटणी’ या नावाखाली जे चालते, तो माणसांच्या आणि झाडांच्या जिवाशी उघडउघड मांडलेला खेळ आहे. त्यात पडतो, मोडतो, मरतो तो वर चढलेला माणूस. कागदावर सही करणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

हे काम एकदा जवळून पाहाच. कमरेला कोयता खोचलेला, खांद्यावर दोराचे वेटोळे घेतलेला तरुण पर्जन्यवृक्षावर चढतो. त्याच्या अंगावर सुरक्षा पट्टा नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. बेचक्यात एक पाय रोवून, डाव्या हाताने फांदीला मिठी मारून तो उजव्या हाताने यांत्रिक करवत चालवतो. दोन्ही हातांनी घट्ट धरायचे ते यंत्र आहे. पात्याचे टोक फांदीत अडकले तर ते उसळी मारून थेट चेहऱ्यावर येते. भुसा डोळ्यांत उडतो, लाल मुंग्या मानेवर चढतात, हात सोडून त्या झटकायची सोय नाही. दोन हातांवर विजेची तार आहे आणि तिच्यातला प्रवाह बंद केला आहे की नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. खाली दोघे फांदीला बांधलेला दोर ओढत उभे असतात. हा दोर सकाळी टेम्पोतला माल आवळायला वापरलेलाच असतो. तिसरा माणूस हातातली डहाळी हलवून दुचाक्या थांबवू पाहतो. कोणी थांबतो, बहुतेक जण हॉर्न वाजवत फांदीखालून निघून जातात. मुकादमाचे तोंड एका शब्दावर चालू असते: उरक, उरक! असा माणूस जखमी होऊन वरच अडकला, तर वर जाऊन त्याला उतरवणारा दुसरा प्रशिक्षित माणूस त्या टोळीत नसतो. जवळचे रुग्णालय कोणते, हेही कोणी ठरवलेले नसते.

याला अपघात म्हणायला आम्ही तयार नाही. जे टाळता येते, ज्याची साधने बाजारात मिळतात, आणि तरीही जे वर्षानुवर्षे होऊ दिले जाते, त्याला निष्काळजीपणाचा गुन्हा म्हणतात. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम २००५ सालापासून लागू आहेत. तिथे दोरावर चढून झाड छाटणारा माणूस एकटा चढत नाही. वर अडकलेल्या सोबत्याला खाली आणण्याचे शिक्षण घेतलेला दुसरा माणूस जागेवर हजर असावाच लागतो. करवत चालवणाऱ्याच्या विजारीत लांब धाग्यांचे थर शिवलेले असतात. पाते मांडीला लागले तर ते धागे साखळीत गुंततात आणि करवत तिथल्या तिथे थांबते. मांडीची धमनी वाचवणारी ही विजार आमच्या किती कंत्राटदारांनी डोळ्यांनी पाहिली आहे?

परदेशाचे उदाहरण नको असेल, तर आपल्याच देशातले घ्या. नारळ विकास मंडळाने २०११ साली माडावर चढणाऱ्यांना प्रशिक्षण देण्याची मोहीम सुरू केली. चढण्याचे यंत्र हाती दिले, आणि माडावरून पडणाऱ्यासाठी विम्याची योजनाही आहे. म्हणजे झाडावर चढून पोट भरणारा माणूस जगवावा लागतो, हे या देशात सरकारी पातळीवर मान्य झालेले आहे. मग गोव्यात माडावर चढणाऱ्या पाडेल्याला जे लागू, ते ठाण्यातल्या, पुण्यातल्या, नागपुरातल्या छाटणी कामगाराला का नाही? इमारतीच्या परांचीवर चढणाऱ्यासाठी संसदेने १९९६ साली स्वतंत्र कायदा केला. त्याच उंचीवर, परांचीचाही आधार नसताना, हलत्या फांदीवर उभा राहणारा माणूस त्या कायद्याच्या व्याख्येत आलाच नाही. तो आज या, उद्या त्या कंत्राटदाराकडे. अनेकदा हजेरीपटावरही त्याचे नाव नसते. मेला तर भरपाई मागायची कोणाकडे, इथूनच त्याच्या घरच्यांची वणवण सुरू होते.

आणि एवढा जीव धोक्यात घालून झाडाचे तरी भले होते काय? नाही! त्याची खांडोळी होते. फांदी कशी कापावी याचे एक शास्त्र आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची एक फुगीर कडा असते. ती कडा न दुखावता, तिच्या अगदी बाहेरून काप घ्यायचा असतो. जड फांदी एका घावात तोडायची नसते: खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून अर्धवट काप, मग थोडे पुढे वरून दुसरा, म्हणजे वजन साल न सोलता खाली येते, मग उरलेला खुंट कडेपाशी नीट कापायचा. अमेरिकेतल्या ॲलेक्स शायगो या वनरोगतज्ज्ञाने हजारो झाडांचे बुंधे उभे चिरून दाखवून दिले, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून भिंती घालून वेगळा करते आणि त्यावर नवे लाकूड चढवते. चुकीच्या जागी घातलेला घाव झाड आयुष्यभर पोटात वागवते.

आपल्या रस्त्यांवर काय होते? शेंडाच उडवला जातो. खुंट मोकळे सोडले जातात, त्यांत पाणी मुरते, बुरशी शिरते. त्या खुंटांवर पुढच्या वर्षी धुमारे फुटतात, भराभर वाढतात. पण त्यांची मुळे लाकडात खोल गेलेली नसतात, साली-सालीवर चिकटलेली असतात. दोन-तीन पावसाळ्यांनी हेच धुमारे जाड फांद्या होऊन वाऱ्यात तुटतात आणि वाटसरूच्या डोक्यात पडतात. तारांसाठी एकाच अंगाची छाटणी करून झाड दुसऱ्या अंगाला झुकवले जाते. एका वेळी पर्णसंभाराच्या चौथाईहून अधिक भाग काढू नये, ही जगभर मानली जाणारी मर्यादा आहे. इथे अर्ध्याहून अधिक झाड टेम्पोत भरले जाते. मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी अंड्या-पिल्लांनी भरलेली असतात, तीही त्याच ढिगात.

वरून डोके उडवायचे आणि खालून पाय तोडायचे! झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत पसरतात. नेमक्या त्याच थरात केबलसाठी, गटारासाठी, जलवाहिनीसाठी चर खणले जातात आणि आधार देणारी मुळे सपासप कापली जातात. मग बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतले जाते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या झाडांभोवतालचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितले. तो धडा आमच्या रस्ते विभागांनी गिरवलेला नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे कोसळली, ती सगळी वाऱ्यानेच पाडली असे कोणी सांगू नये. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला चालता चालता अंगावर माड कोसळून एक महिला गेली. असा मृत्यू झाला की चार दिवस गलका होतो, आणि त्याचा शेवट आणखी आंधळ्या छाटणीत होतो.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. महाराष्ट्रातल्या नागरी भागांसाठी वृक्ष संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा. त्याच्या व्याख्येत झाड पाडणे म्हणजे केवळ बुंध्यातून तोडणे नव्हे. जाळणे, कापणे, कोणत्याही प्रकारे इजा करणे, हे सारे त्यात येते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान दिला. विनापरवानगी झाड तोडणाऱ्या नागरिकावर या कायद्याखाली गुन्हा नोंदता येतो. मग महापालिकेच्याच कंत्राटदाराने शेकडो झाडांना केलेली इजा कोणत्या व्याख्येत बसते? वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्षपद आयुक्तांकडे असते. उत्तर त्यांनीच द्यायचे आहे, आणि आम्ही ते जाहीरपणे मागत आहोत.

पैसा नाही, हे उत्तर आम्हाला चालणार नाही. सुरक्षा पट्टा, शिरस्त्राण आणि दोर यांचा खर्च रस्त्याच्या एका काँक्रीट पट्ट्याच्या तुलनेत नगण्य आहे. वेळ नाही, हेही नाही. पावसाच्या तोंडावर धावपळ होते ती वर्षभर हात बांधून बसल्यामुळे. प्रत्येक महापालिकेने बारा महिने काम करणारी, पगारावरची, प्रशिक्षित आणि विमा उतरवलेली वृक्षनिगा पथके उभारलीच पाहिजेत. कोणती फांदी कापायची हे मुकादमाने नव्हे, झाडाचे शिक्षण घेतलेल्या माणसाने ठरवले पाहिजे. आणि जो अभियंता मुळांवरून चर नेतो, त्याच्या पगारातून दंड कापला गेला पाहिजे.

गृहनिर्माण संस्थांनीही हात झटकू नयेत. आवारातल्या झाडासाठी सर्वांत स्वस्त माणूस शोधणारे सचिवही या पापात भागीदार आहेत. वाचकहो, पुढच्या मे महिन्यात तुमच्या दारात पट्ट्याशिवाय माणूस झाडावर चढताना दिसला, तर खिडकी लावून घेऊ नका. खाली उतरा. मुकादमाला परवानगीचा कागद मागा, विम्याचा कागद मागा, तार बंद केली आहे का ते विचारा. त्या माणसाच्या कमरेला पट्टा चढेपर्यंत करवत सुरू होऊ देऊ नका.