घरांची महागाई आणि जमिनीचा खंड

घरे महाग का, या प्रश्नाचे एक तयार उत्तर गेली कित्येक वर्षे जगभर सांगितले जात आहे. सरकारने निर्बंध उठवावेत, जमीन मोकळी करावी, म्हणजे पुरवठा वाढून घरे आपोआप स्वस्त होतील! या उत्तरास शास्त्राचे अधिष्ठान आहे असे भासविण्यासाठी देशोदेशींच्या तुलनात्मक कोष्टकांचा हवाला दिला जातो. घराची किंमत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या तिपटीत बसली तर शहर परवडणारे. न बसली तर दोष नियोजनाचा, असा या कोष्टकांचा सरधोपट न्याय. त्यांत भाडेकरूला स्थान नाही आणि जमिनीच्या मालकीचा उल्लेखही नाही.

गंभीर संशोधनाची साक्ष मात्र निराळी आहे. क्नोल, शुलारिक आणि श्टेगर या अर्थशास्त्रज्ञांनी १४ प्रगत देशांतील १८७० ते २०१२ या काळातील घरांच्या किमतींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांच्या वास्तव किमतींत जी वाढ झाली, तिच्यापैकी सुमारे ८० टक्के वाढ जमिनीच्या किमतीमुळे झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे घर महागले ते गवंड्याच्या मजुरीने नव्हे, जमीनमालकाच्या खंडाने. रिकार्डोने १८१७ साली शेतजमिनीविषयी मांडलेला सिद्धान्त आज महानगरांच्या रस्त्यांवर खरा ठरत आहे.

यावर प्रतिवाद असा की, जमीन महाग झाली तीच मुळी निर्बंधांमुळे. घरे अधिक बांधावी लागतील, याबद्दल वाद नाही. परंतु चटईक्षेत्र वाढविल्याचा हुकूम निघताच त्या भूखंडाची किंमत चढते, आणि तो लाभ भावी रहिवाशाच्या नव्हे, आजच्या मालकाच्या पदरात पडतो. खरा प्रश्न आहे तो समाजाने निर्माण केलेले हे मूल्य कोणाचे, हा.

व्हिएन्नाने त्याचे उत्तर १९२३ सालीच दिले. ह्यूगो ब्राइटनर यांच्या पुढाकाराने तेथे श्रीमंतांच्या घरांवर चढत्या दराने कर बसविण्यात आला. १९३४ साली फॅसिस्टांनी नगरपालिका मोडीत काढली, तोवर ६० हजारांहून अधिक घरे उभी राहिली होती. आजही त्या शहरातील जवळपास निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. बर्लिनने उलट मार्ग धरला. २००४ साली सुमारे ६५ हजार सदनिकांची सरकारी कंपनी खासगी गुंतवणूकदारांना विकून टाकली. २०२१ साली त्याच बर्लिनच्या मतदारांनी बड्या कंपन्यांची घरे समाजाच्या मालकीची करावीत, असा कौल बहुमताने दिला. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने सार्वजनिक घरे भाडेकरूंना सवलतीत विकण्यात आली. ती विक्री स्कॉटलंडला २०१६ साली आणि वेल्सला २०१९ साली बंद करावी लागली. विकणे सोपे असते. विकलेले परत मिळविणे महाग पडते.

मुंबईने या अनुभवातून काय घेतले? १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. जमीन बाजारात येईल, घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगण्यात आले. त्या कायद्याची अंमलबजावणी पळवाटांनी पोखरलेली होती, हे खरे. पण पळवाटा बुजविण्याऐवजी कायदाच बुडविण्यात आला. २०११ च्या जनगणनेत मुंबईतील चाळीस टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत असल्याचे आढळले, आणि त्याच शहरात सुमारे पावणेपाच लाख घरे रिकामी होती. घरांचा तुटवडा आणि घरांचे कुलूप एकाच गल्लीत नांदत असतील, तर निव्वळ पुरवठ्याचा मंत्र जपणाऱ्यांनी या कुलपाचा अर्थ एकदा सांगावा.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सार्वजनिक जमिनीची विक्री थांबवावी. ती भाडेपट्ट्यानेच द्यावी. जमिनीच्या अनार्जित मूल्यवाढीवर कर बसवावा. त्या पैशातून भाड्याची घरे नगरपालिकांनी बांधावीत. छप्पर हा माणसाचा हक्क आहे. तो सट्ट्याच्या पटावर मांडण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.