शेणाला पवित्र म्हणा, पण दिवस मोजा!

भारतातून येणाऱ्या ढकलपत्रांत सध्या एक पंथ जोरात आहे. रासायनिक खत म्हणजे विष आणि शेण म्हणजे अमृत. आम्हा परदेशस्थांना तर हे विशेष आग्रहाने ऐकवले जाते. "तुमच्याकडे सगळी केमिकलची शेती, आमच्याकडे बघ, गाईचं ताजं शेण थेट वाफ्यात!" आता युरियाचा अतिरेक झाला, जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटला, शेणखताला तोड नाही, हे सगळे मला मान्य आहे. माझे भांडण 'ताजं' आणि 'थेट' या दोनच शब्दांशी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे इथे शेण नाही हा समजच चुकीचा. मी राहतो त्या ओंटारिओ प्रांतात गाईगुरांचे मोठमोठे गोठे आहेत. वसंत ऋतूत जमीन मोकळी झाली की शेण आणि शेणाचा पातळ काला ट्रॅक्टरमागच्या टाक्यांतून शेतात पसरतात. गाडीच्या काचा बंद ठेवल्या तरी वास आत येतो. आणि ताज्या शेणाने काय होऊ शकते, याचा जगातला सगळ्यात बारकाईने तपासला गेलेला दाखला याच प्रांतातला आहे.

वॉकर्टन हे जेमतेम ४,८०० वस्तीचे गाव. एप्रिल २००० च्या अखेरीस गावाच्या ५ नंबरच्या विहिरीजवळच्या एका शेतात शेण पसरले गेले. पुढे ८ ते १२ मे या दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला ७० मिलिमीटर एकट्या १२ तारखेला. शेणातले जंतू विहिरीत उतरले आणि तिथून नळाने घरोघरी गेले. जंतू दोन प्रकारचे होते. एक ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि दुसरा कॅम्पिलोबॅक्टर. २,३०० हून जास्त माणसे आजारी पडली, सात दगावली. २७ जणांच्या मूत्रपिंडांवर घाला पडला, त्यांत लहान मुले बरीच होती.

आता नीट वाचा. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००२ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटले आहे की त्या शेतकऱ्याचा काहीही दोष नव्हता. शेण पसरण्याची त्या काळची जी मान्य पद्धत होती, तीच त्याने पाळली होती. म्हणजे सगळे रीतसर करूनही सात माणसे गेली!

इथे बरेच जण म्हणतात, "अहो, पाणीपुरवठ्यावरचे ते दोघे भाऊ नालायक होते म्हणून हे झाले." होतेच. स्टॅन आणि फ्रँक कोबेल क्लोरीन कमी घालायचे आणि वहीत खोटे आकडे लिहायचे. २००४ मध्ये एकाला वर्षाची कैद झाली, दुसऱ्याला नऊ महिन्यांची नजरकैद. पण दोन माणसे आत टाकली की सगळ्यांना सुटल्यासारखे वाटते, आणि मला खटकते ते हेच. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा १९९६ मध्ये नगरपालिकांना बंद कोणी केल्या? खाजगी प्रयोगशाळेने दूषित नमुन्याची खबर आरोग्य खात्याला दिलीच पाहिजे, असा नियम का नव्हता? उथळ विहिरीशेजारी शेण पसरायला अटकाव का नव्हता? एकाच कुलपावर घर सोपवायचे आणि ते निघाले की कुलपाला शिव्या घालायच्या, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

दुसरा लाडका युक्तिवाद म्हणजे "माती सगळं शुद्ध करते." करते, पण तिला वेळ आणि जाडी दोन्ही लागतात. वॉकर्टनची ती विहीर पाच ते आठ मीटर खोलीवरच्या भेगाळ खडकातून पाणी घेत होती. भेगेतून उतरणारे पाणी गाळले जात नाही, नुसते वाहते.

आणि वेळेचा हिशेब काय सांगतो? ब्रिटनमधल्या प्रयोगांत असे जंतू साठवलेल्या पातळ शेणात तीन महिन्यांपर्यंत जिवंत सापडले, आणि शेतात पसरल्यावरही महिनाभर. उलट, घट्ट शेणाचा ढीग आतून ५५ अंश सेल्सिअसच्या वर तापला तर महिन्याच्या आत ते संपले. ऑस्ट्रेलियात गुरांच्या जोन्स रोगाचे जंतू सावलीतल्या शेणमातीत ५५ आठवडे टिकलेले आढळले. फऱ्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे राहतात, हे तर आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही. भरीस भर म्हणजे ओ१५७ बाळगणारी गाय धडधाकट दिसते, आणि माणसाला आजारी पाडायला त्याचे शंभराहून कमी जंतूही पुरतात.

"पण आपल्याकडे ऊन आहे ना!" आहे, आणि त्याचा फायदाही होतो. पण वरच्या थरापुरता. ढेकळाच्या पोटात ओल आणि अंधार असतो. ज्या वाफ्याला रोज पाणी द्यायचे, तिथे वाळणार काय? कोथिंबीर, मुळा, गाजर, कांद्याची पात आपण कच्ची खातो. शिवाय महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टवर बसलेला. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगांचा कातळ. आपल्या आडाविहिरींना पाणी येते ते यातूनच. विहिरीच्या काठाशी उकिरडा आणि भरवसा ग्रामपंचायतीच्या टीसीएल पावडरवर. वॉकर्टनच्या एका कुलपापेक्षा हे वेगळे कसे, हे कोणी मला समजावून सांगावे.

गंमत बघा. अमेरिकेत 'सेंद्रिय' हा शिक्का मिळवायचा तर कच्चे शेण आणि काढणी यांत १२० दिवसांचे अंतर लागते. पिकाचा खायचा भाग मातीला लागत नसेल तर ९० दिवस. लांबट ढिगाने कंपोस्ट करायचे तर ५५ अंशांच्या वर किमान १५ दिवस आणि त्या काळात पाच वेळा उलथापालथ. हे नियम शेणाच्या शत्रूंचे नाहीत, सेंद्रियवाल्यांचेच आहेत! ओंटारिओनेही २००२ मध्ये कायदा केला, आणि पुढच्या नियमांत नगरपालिकेच्या विहिरीपासून १०० मीटरपर्यंत शेण पसरायला बंदी आली. त्यासाठी सात माणसे जावी लागली.

आपला उकिरडा म्हणजे कंपोस्ट नव्हे. त्यावर रोज नवे शेण पडते, त्यामुळे त्या ढिगाचे वयच मोजता येत नाही. तळाशी वर्षाचे, माथ्यावर आजचे, आणि गाडी भरताना दोन्ही एकत्र. उपाय बिनखर्ची आहे. दोन ढीग करा. एक भरायचा, दुसरा बंद करून तापू द्यायचा आणि उलटायचा. दोन्ही विहिरीपासून लांब आणि उताराच्या बाजूला. कच्चे खाल्ले जाणारे पीक असेल तर ताजे शेण नाहीच.

राहिला प्रश्न शेणाच्या पावित्र्याचा. त्यावर माझे काही म्हणणे नाही, सारवण आणि गोवऱ्यांच्या घरातच मी वाढलो. पण जंतूला गाय देशी की विदेशी, खत सेंद्रिय की नाही, यातले काही कळत नाही. त्याला तापमान कळते, ओल कळते आणि दिवस कळतात. तेवढे तीन आकडे जो सांगत नाही, त्याने शेतकऱ्याला 'ताजं आणि थेट'चा सल्ला देऊ नये. पुढचे ढकलपत्र पाठवण्याआधी एवढे विचारा, की शेण किती दिवसांचे?