लांडग्याने आधी विचारावं

सिकंदराबादेतल्या मराठी घरांत हिंदी आणि तेलुगू सिनेमा सारख्याच आवडीने पाहिला जातो. आता त्याच घरांतल्या मुली मोबाइलवर वेअरवुल्फच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाच्या, प्रेमकथाही वाचतात. खुशाल वाचाव्यात. आक्षेप आहे तो या कथा लांडग्याला ज्या सहजतेने माफ करतात त्याला. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ मालिकेत त्याची जोडी निसर्गच ठरवून टाकतो. लांडगा होणाऱ्या सॅमला एमिली दिसते आणि त्याची आधीची प्रेयसी लीआ त्या क्षणी परकी होते. पुढे रागाच्या भरात त्याचं रूप पालटतं आणि एमिलीच्या चेहऱ्यावर पंजाचे व्रण कायमचे उरतात. तरी ती त्याच्याकडेच राहते, साऱ्या टोळीला मफिन भाजून खाऊ घालते आणि कथा याला गाढ प्रेम म्हणते. दुसऱ्या लांडग्याचा, जेकबचा, जीव तर नुकत्याच जन्मलेल्या मुलीवर जडतो. तो आधी भाऊ होईल, मग मित्र, शेवटी निवड तिचीच, असा खुलासा केला जातो. पण ज्याच्या अंगाखांद्यावर ती वाढणार, त्याला नाही म्हणायला ती कुठे शिकणार?

ही कल्पित कथा आहे, वाचणारीला ते कळतं, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. मारधाडीचे सिनेमे पाहणाऱ्या पुरुषांना कुणी असा जाब विचारत नाही, हेही खरं. पण जनावराला माफी दिल्याशिवाय थरार येत नाही, हे मात्र पटत नाही. १९८० च्या तेलुगू ‘पुन्नमी नागू’त चिरंजीवीला बापाने लहानपणापासून सापाचं विष चारलेलं असतं. पौर्णिमेला त्याच्या मिठीत आलेल्या बायका मरतात. त्याची कीव येते, तरी सिनेमा त्या मरणांना प्रेम म्हणत नाही. अमोल पालेकरांचा ‘पहेली’ (२००५) त्याहून पुढे जातो. विजयदान देथांच्या कथेवरच्या या सिनेमात नवरा लग्नाच्या रात्री हिशेबाची वही उघडून बसतो आणि सकाळी व्यापाराला निघून जातो. भूत त्याचं रूप घेऊन येतं. घरच्यांना फसवतं, पण नवरीपाशी आल्यावर आपण कोण ते आधी सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोपवतं. ती सगळं जाणून होकार देते. त्या कबुलीने शृंगार कमी होत नाही, उलट तिथूनच तो सुरू होतो. वेअरवुल्फ मराठीत किंवा तेलुगूत लिहू पाहणाऱ्यांनी मेयरआधी हा प्रसंग पाहावा.